शेअर बाजारातला ‘बदला’ म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून?

प्राजक्ता_एमकॉम

नमस्कार मंडळी. एमकॉमच्या प्रकल्पासाठी मी 1985 ते 2001 या काळातली वर्तमानपत्रांची अर्थपानं वाचते आहे. त्यात एक शब्द सारखा भेटतो: बदला. ‘बदल्याचे दर चढले’, ‘बदला सत्रात मंदीवाल्यांची धावपळ’, ‘अमुक शेअरमध्ये उंधा बदला’. संदर्भावरून एवढं कळतं की हे काहीतरी व्याजासारखं आहे. पण मग त्याला बदला का म्हणायचे? कोणी कोणावर सूड उगवत होतं, असं तर नसणार. आणि ‘उंधा’ हा कुठला शब्द? मराठी शब्दकोशात तो मला या अर्थाने सापडला नाही.

आमच्या सरांनी ‘फ्युचर्सचा जुना अवतार’ एवढं सांगून विषय संपवला. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आकड्यांचं उदाहरण दिलंत तर फारच बरं.

निफ्टी_रोजचा

सर बरोबर सांगतायत. आज आपण फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे करार, पुढच्या महिन्यात रोलओव्हर करतो, तेच तेव्हा बदला करून पुढच्या सेटलमेंटला न्यायचे. वरचा खर्च म्हणजे बदल्याचा दर. 2001 मध्ये बंद झालं.

फोर्टचा_कारकून

प्राजक्ता, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी फोर्टमध्ये एका दलालाच्या पेढीवर अधिकृत कारकून म्हणून बरीच वर्षं काढली. दलाल स्ट्रीटवर कंठशोष करून सौदे व्हायचे ती रिंग मी पाहिली आहे आणि संगणकाचा पडदा आला तेही पाहिलं आहे. त्यामुळे ऐकीव नव्हे, हाताखालून गेलेलं सांगतो.

आधी वेळापत्रक डोक्यात घे, त्याशिवाय बदला कळणार नाही. आज तू शेअर घेतलास तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे आणि शेअरची अदलाबदल होते. तेव्हा तसं नव्हतं. ठरावीक मोठ्या कंपन्यांचे शेअर ‘स्पेसिफाइड’ किंवा ए ग्रुपमध्ये असायचे आणि त्यांच्या सौद्यांची मुदत चौदा दिवसांची असायची. त्या मुदतीच्या हिशेबाला पेढीवर वलण म्हणत. चौदा दिवसांत घेतलेलं विकून टाकलं तर फक्त फरक द्यायचा-घ्यायचा. उभं राहिलेलं असेल तर मुदत संपल्यावर घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरायचे आणि विकणाऱ्याने शेअरची प्रमाणपत्रं आणि सही केलेले ट्रान्सफर फॉर्म आणून द्यायचे.

आता समज, तुझ्याकडे पूर्ण पैसे नाहीत, पण भाव अजून वाढेल अशी तुझी खात्री आहे. किंवा समोरच्याने शेअर जवळ नसतानाच विकलेत आणि भाव पडेल याची तो वाट पाहतो आहे. दोघांनाही हा सौदा पुढच्या वलणात न्यायचा आहे. तो नेण्याची जी रीत, आणि नेण्यासाठी पडणारी जी किंमत, त्या दोन्हींना एकच नाव होतं, बदला.

आता तू मागितलेलं उदाहरण. आकडे मी सोपे घेतो.

तू 100 शेअर 200 रुपयांनी घेतलेस. वलण संपताना बाजाराने त्या शेअरचा हिशेबाचा भाव 210 ठरवला. या भावाला हवाला रेट म्हणत आणि तो शेवटच्या दिवसाच्या बंद भावावर आधारलेला असे. तुला पुढे जायचंय. मग कागदावर असं होतं: या वलणात तुझे 100 शेअर 210 ला विकले गेले, म्हणजे 1,000 रुपयांचा फायदा तुझ्या खात्यात आला. त्याच क्षणी पुढच्या वलणात तेच 100 शेअर तू परत घेतलेस. पण ते 210 ला मिळत नाहीत. शनिवारच्या बदला सत्रात दर 2 रुपये ठरला असेल तर 212 ला. पुढच्या मुदतीत भाव 205 झाला तर तुझं शेअरमागे 7 रुपयांचं नुकसान. त्यातले 5 भावाचे, 2 बदल्याचे.

हे 2 रुपये कोणाला गेले? ज्याने तुझे शेअर या वलणात 210 ला उचलले आणि 21,000 रुपये रोख भरले, त्याला. पुढच्या वलणात तो तेच शेअर 21,200 ला सोडणार. चौदा दिवसांत 21,000 वर 200 रुपये. वर्षाच्या हिशेबात हे जवळजवळ 25 टक्के होतात. याला बदलावाला किंवा बदला फायनान्सर म्हणत. त्याला शेअरच्या भविष्याशी देणंघेणं नसे. तो शेअर तारण ठेवून चौदा दिवसांसाठी पैसे लावणारा सावकार होता, आणि बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा त्याची मिळकत बरीच जास्त असे. मोठमोठ्या कंपन्यांचे पडून असलेले पैसे यात येत, तसेच गिरगाव-काळबादेवीतल्या घरांमधली बचतही दलालाच्या ओळखीने येई.

सत्र शनिवारी. एरवी रिंगमध्ये शेअरचा भाव पुकारला जायचा, शनिवारी फक्त बदल्याचा. सगळं गुजरातीत. आमच्यासारखी मराठी पोरं कामावर लागल्यावर महिन्याभरात ती बाजारी गुजराती उचलायची, कारण तरवणीवाले, म्हणजे स्वतःच्या जोखमीवर दोन्ही बाजूंचे भाव देणारे जॉबर, दुसऱ्या भाषेत थांबून सांगायला मोकळे नसत. दर वर जायला लागले की पेढीवर लगेच कळायचं, तेजीवाले, म्हणजे भाव वाढेल म्हणून घेऊन बसलेले, ओझ्याखाली आले आहेत. बाजारात पैसा कमी आणि उभे सौदे जास्त. सोमवारी भावाचं काय होणार याचा अंदाज शनिवारच्या दरावरून बांधता येत असे, आणि अनुभवी दलाल तो बांधतही.

उंधा बदला नंतर लिहितो. तो वेगळा आणि जास्त महत्त्वाचा आहे.

शब्दांच्या_मागे

कारकूनकाकांनी व्यवहार सांगितला, मी शब्दापुरतं लिहितो.

‘सूड’ हा अर्थ बाजूला ठेवा. अरबीत ब-द-ल या धातूचा मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं ठेवणं, अदलाबदल. फारसीमार्गे तो मराठी, हिंदी, गुजराती तिघींत आला. आपल्याकडे त्याचं मोठं कुटुंब आहे: बदल, बदली, बदली कामगार, अदलाबदल. आणि मोबदला. हा ‘मुबादला’ या अरबी रूपावरून आला, त्याचा अर्थ परस्परांत केलेली देवघेव. जमिनीचा मोबदला म्हणजे जमिनीच्या जागी मिळालेले पैसे. सूड हा त्याच अर्थाचा एक फाटा आहे: त्याने जे केलं त्याच्या जागी आपण परत दिलेलं.

बाजारातला बदला मूळ अर्थाच्या अगदी जवळ राहिला. या वलणातला सौदा काढून त्याच्या जागी पुढच्या वलणातला ठेवायचा, हा बदला. आणि तसं करू दिल्याबद्दल समोरच्याला जे द्यायचं तोही बदला, जवळजवळ मोबदल्याच्या अर्थाने.

‘उंधा’ गुजराती आहे. ऊंधुं म्हणजे उलटं, पालथं. उंधियू हे नाव त्यातूनच आलं, कारण मडकं पालथं घालून ती भाजी भाजत. ज्या बदल्यात पैसे उलट्या दिशेने वाहतात तो उंधा बदला. मराठी कोशांत या अर्थाने न सापडणं साहजिक आहे.

ही गोष्ट एकट्या मुंबईची नाही. लंडनच्या शेअर बाजारातही पंधरवड्याचा हिशेब असायचा. तिथे सौदा पुढे नेण्याच्या शुल्काला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कॉन्टँगो म्हणत. तो ‘कंटिन्युएशन’ किंवा तशाच एखाद्या शब्दाचा बाजारी अपभ्रंश मानतात. त्याच्या उलट बॅकवर्डेशन. पॅरिसच्या बाजारात याच जोडीला रपोर आणि देपोर अशी नावं होती. म्हणजे सरळ बदला हा कॉन्टँगो आणि उंधा बदला हा बॅकवर्डेशन. प्राजक्ता, प्रकल्पात ही जोडी जरूर घाल.

प्राजक्ता_एमकॉम

दोघांचेही मनापासून आभार. मोबदल्याचं नातं मला अजिबात सुचलं नव्हतं.

काका, उंधा बदला नक्की लिहा. आणि आणखी एक प्रश्न आहे. हे सगळं इतकं व्यवस्थित चालत होतं तर बंदी वारंवार का आली? माझ्या टिपणांत 1969, 1993 आणि 2001 अशी तीन सालं आहेत.

फोर्टचा_कारकून

आधी उंधा.

वर मी धरून चाललो होतो की बाजारात घेणारे जास्त आहेत आणि त्यांना पैसे हवे आहेत. आता उलट धर. शेअर जवळ नसताना विकून बसलेले मंदीवाले जास्त झाले, आणि ज्यांनी घेतले ते म्हणाले, ‘आम्हाला पुढे न्यायचं नाही. पैसे तयार आहेत, शेअर आणा.’ मग चणचण पैशाची नसते, शेअरची असते. विकणाऱ्याला कोणाकडून तरी शेअर उसने घेऊन द्यावे लागतात, आणि शेअरवाला म्हणतो, माझे शेअर चौदा दिवस तुला देतो, पण वर इतके रुपये टाक. आता बदला मंदीवाल्याने द्यायचा. हाच उंधा. बदल्याचा दर शून्याच्या खाली गेला की बाजारभर एक कुजबूज फिरायची, की या शेअरमध्ये मंदीवाले अडकलेत.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1982 चं, रिलायन्सचं. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये कोलकात्याच्या मंदीवाल्यांच्या टोळीने रिलायन्सचे शेअर जवळ नसताना भराभर विकायला सुरुवात केली. भाव पडेल आणि स्वस्तात घेऊन देऊ, हा हिशेब. पण रिलायन्सच्या बाजूचे दलाल विकलेला माल घेत राहिले आणि एप्रिलअखेरीस मुदत आली तेव्हा त्यांनी बदला नाकारून शेअरच मागितले. नाहीतर जबर उंधा बदला द्या म्हणाले. एवढे शेअर बाजारात मिळेनात. मंदीवाले मिळेल त्या भावाने घ्यायला धावले, भाव भडकला, आणि तोड निघेपर्यंत मुंबईचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. धीरूभाई अंबानींचं नाव बाजारात ज्या आदराने आणि ज्या धाकाने घेतलं जाऊ लागलं, त्यात या प्रसंगाचा मोठा वाटा होता. आमच्या पेढीवरचे जुने लोक हा किस्सा नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे, उंधा बदला समजावा म्हणून.

आता बंदीचं.

मुदतीचे सौदे आणि त्यातून येणारे फटके मुंबईला नवे नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 नंतर आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहर शेअरच्या मागे वेडं झालं. बॅक बे रिक्लमेशनचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या वर गेला होता. 1 जुलै 1865 ला पुरे करायचे म्हणून लोकांनी मुदतीचे सौदे करून ठेवले होते. युद्ध एप्रिलमध्ये संपत आलं, कापूस कोसळला, आणि तो दिवस उजाडला तेव्हा देणी द्यायला कोणाकडे काही उरलं नव्हतं. प्रेमचंद रायचंदसारखा बडा दलालही त्यात बुडाला. पुढे दहा वर्षांनी, 1875 मध्ये, दलालांनी आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

तुझी तीन सालं बरोबर आहेत. जून 1969 मध्ये सरकारने मुदतीच्या सौद्यांवर बंदी घातली. पण गरज गेली नव्हती, त्यामुळे काही वर्षांतच सौदे पुढे नेण्याची रीत अनौपचारिकपणे परत सुरू झाली आणि 1983 मध्ये तिला बाजाराच्या नियमांत जागा मिळाली. स्पेसिफाइड शेअर आणि शनिवारची सत्रं यांचा जो काळ तू वाचते आहेस, तो हाच.

1992 चा घोटाळा उघडकीस आला तेव्हा बँकांमधला पैसा दलाल हर्षद मेहतामार्फत शेअरपर्यंत कसा पोहोचला ते देशाला कळलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर 1993 मध्ये बदल्यावर बंदी आणली. बाजारातली उलाढाल आटली आणि दलालांनी गळा काढला. मग जी. एस. पटेल समितीच्या शिफारशींवरून 1995 च्या अखेरीस सुधारित रूपात परवानगी मिळाली. आता मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी आगाऊ ठेव, भरायचं, एक सौदा जास्तीत जास्त 90 दिवस न्यायचा, कोणी किती न्यायचा त्याला मर्यादा. तोवर रिंग जाऊन मार्च 1995 पासून बोल्ट या संगणकी व्यवस्थेचा पडदा आला होता, त्यामुळे नंतरचा बदला बराचसा पडद्यावरच झाला.

मार्च 2001 मध्ये दलाल केतन पारेखचे लाडके शेअर कोसळले. कोलकात्याच्या बाजारात सौद्यांचे पैसेच वेळेवर आले नाहीत. तिथे बाजाराच्या नियमांबाहेर चालणारा बदला फार फोफावला होता. त्यानंतर सेबीने 2 जुलै 2001 पासून बदला कायमचा बंद केला, आणि मोठ्या शेअरमध्ये रोजच्या रोज हिशेब मिटवणारी रोलिंग सेटलमेंट सुरू झाली.

माझं स्वतःचं मत विचारशील तर, ज्या रीतीने माझं घर चाललं ती जाणं योग्य होतं. अप्रामाणिक होती म्हणून मुळीच नाही. बदला देणारा आणि घेणारा दोघेही आपला दर उघड पुकारून ठरवत, आणि हजारो लोकांनी तो शब्द पाळून व्यवहार केले. अडचण रचनेत होती. खरोखर शेअर घेऊन घरी ठेवणारा मास्तर आणि पैसे नसताना पुढे ढकलणारा सटोडिया, दोघे एकाच भावात, एकाच ढिगात उभे असायचे. मुदत संपताना किती सौदे खरे आणि किती पुढे जाणार, हे शनिवारपर्यंत कोणालाच कळायचं नाही. भाव पडायला लागला की बदल्याचा पैसा आधी पळायचा, त्यामुळे दर चढायचे, त्यामुळे तेजीवाले विकायचे, त्यामुळे भाव आणखी पडायचा. आणि मार्जिन नसताना या सगळ्याचा भार दलालाच्या भांडवलावर. ते किती तुटपुंजं असायचं ते मी वह्यांमध्ये पाहिलं आहे.

निफ्टी_रोजचा

काका, मान्य, मी फारच थोडक्यात लिहिलं होतं. पण तरी विचारतो. फ्युचर्सही पुढच्या महिन्यात नेतो, त्यातही पुढचा भाव वर असतो. मग मूळ फरक कुठे?

फोर्टचा_कारकून

फरक मोठा आहे, आणि प्रश्न चांगला आहे.

फ्युचर्स हा पहिल्या दिवसापासून वेगळा करार आहे. त्याची मुदत, त्याचा भाव आणि त्याचं मार्जिन रोख बाजारापासून स्वतंत्र असतं. घेतानाच तुला माहीत असतं की पुढच्या महिन्याचा भाव किती वर आहे. बदल्यात तू रोख बाजारातच घ्यायचास, आणि पुढे नेता येईल की नाही, कितीला नेता येईल, हे मुदत संपल्यावर शनिवारी ठरायचं. समोरचा नाही म्हणाला तर पैसे किंवा शेअर आणणं भागच होतं. 1982 ला मंदीवाल्यांचं तेच झालं.

दुसरं असं की बदला एकटाच तीन कामं करायचा. पुढच्या भावावर डाव लावणं, शेअर घ्यायला पैसे उसने देणं आणि विकायला शेअर उसने देणं. ही कामं सुटी झाली तेव्हा प्रत्येकाला वेगळं घर मिळालं. निर्देशांकाचे फ्युचर्स जून 2000 मध्ये आले होते, एकेका शेअरचे नोव्हेंबर 2001 मध्ये. पैसे उसने देणं आज दलालाच्या मार्जिन ट्रेडिंग सोयीत होतं. शेअर उसने देण्याची अधिकृत व्यवस्था, एसएलबी, 2008 पासून आहे. उंधा बदला ज्या गरजेतून यायचा तिची जागा आता तिथे आहे, पण सामान्य गुंतवणूकदार तिकडे फारसा फिरकत नाही.

म्हणून प्राजक्ताच्या सरांचं वाक्य एक तृतीयांश बरोबर आहे, असं मी म्हणेन. तिने प्रकल्पात तिन्ही कामं वेगळी दाखवावीत.

शब्दांच्या_मागे

एक भर. कराचीच्या शेअर बाजारातही बदला होता, आणि नावही तेच, बदला. फाळणीनंतर तिथे उभ्या राहिलेल्या बाजारात गुजराती बोलणारे मेमन दलाल पुष्कळ होते. तिथेही मार्च 2005 च्या पडझडीनंतर बदला काढून त्याच्या जागी सीएफएस नावाची व्यवस्था आणली. म्हणजे आपल्यापेक्षा चारेक वर्षं जास्त तो तिकडे जगला.

प्राजक्ता_एमकॉम

काका, तुमचं उदाहरण जसंच्या तसं घेते आहे, 210 आणि 212 वालं. ‘हवाला रेट’ हा शब्द वाचून परीक्षक दचकतील का? आता हवाला म्हटलं की सगळ्यांना बेकायदा पैसे आठवतात.

फोर्टचा_कारकून

दचकले तर खुशाल समजावून सांग. तेव्हाच्या बाजाराच्या हिशेबातला तो उघड, अधिकृत शब्द होता. तळाशी एक ओळ टाक: हवाला रेट म्हणजे वलणाच्या शेवटी सगळे उभे सौदे ज्या भावाने मिटवले जात तो भाव. आणि उदाहरणात एक ओळ उंध्याचीही घाल. तोच शेअर, हवाला 210, पण परत घ्यायचा भाव 209. मग तो एक रुपया तुझा, आणि तो मंदीवाल्याच्या खिशातून आला. हे दोन्ही शेजारी ठेवलेस की परीक्षकांना वेगळं विचारावं लागणार नाही.